ट्रेड डेडलाइन २०२५ : फॉक्सला देऊ नका (अंदाज, आकडेमोड आणि चर्चा)

शिट्टीवाली_बाई | २९ जानेवारी, सकाळी ७:१०

उठल्याउठल्या फोन बघितला आणि चहा तसाच गार झाला. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला आमचा संघ सॅक्रामेंटो किंग्ज आपल्या डीएरन फॉक्सला देण्यासाठी इतर संघांशी बोलणी सुरू करणार, अशी बातमी आहे. ट्रेडची, म्हणजे संघांनी आपसांत खेळाडू बदलायची, डेडलाइन ६ फेब्रुवारीला तिकडच्या दुपारी तीनला, म्हणजे आपल्याकडे ७ तारखेला रात्री दीड वाजता. नऊ दिवस उरलेत. म्हणून हा धागा.

ट्रेडबद्दल सगळे अंदाज इथे लिहा, कुठल्याही संघाचे. पण माझं आधी सांगते, कारण मला तटस्थ राहून लिहिता येणार नाही.

ऑक्टोबर २०१९, वरळीचा एनएससीआय डोम. एनबीएचे भारतातले पहिले सामने, किंग्ज विरुद्ध पेसर्स. ४ तारखेच्या सामन्याला शाळाशाळांमधून आलेली जवळपास तीन हजार मुलं होती, त्यात मी शिकवते त्या शाळेच्या चौदा मुली. त्यातली एक पाचवीतली, डावखुरी. तिला घरी, वर्गात सगळ्यांनी उजव्या हाताचं वळण लावायचा प्रयत्न केलेला. मीही ले-अप (धावत जाऊन रिंगपाशी टाकायचा चेंडू) उजव्या हातानेच शिकवत होते, कारण मला तसंच शिकवलं होतं. सामन्याआधी सराव चालू होता आणि फॉक्स डाव्या हाताने एकामागून एक ले-अप टाकत होता. पोरगी माझी ओढणी ओढून म्हणाली, "बाई, तो बघा ना, माझ्या हाताने टाकतोय."

माझ्या हाताने! त्यानंतरच्या पहिल्याच सरावाला तिने कुणालाही न विचारता डावीकडून धाव घेतली. मी शिट्टी वाजवली नाही. किंग्ज तो सामना जादा वेळेत १३२-१३१ असे हरले, पण आमच्या मुलींचा संघ त्या दिवसापासून किंग्जच. मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेला आहे, हे मला नंतर कळलं.

ती मुलगी यंदा दहावीला आहे, आणि बातमी मला तिच्याआधी कळली आहे.

माझं म्हणणं एवढंच, फॉक्स हा प्रश्नच नाही. २०१७च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पाचव्या क्रमांकावर निवडला गेल्यापासून आजवर त्याला किती प्रशिक्षक मिळाले ते मोजा. जोर्गर, वॉल्टन, हंगामी जेंट्री, माइक ब्राउन, आणि २७ डिसेंबरला ब्राउनला काढल्यावर हंगामी डग क्रिस्टी. आठ हंगामांत पाच. माझ्या मुलींना दर दीड वर्षाने नवी बाई दिली तर त्या पासिंगसुद्धा विसरतील. आणि क्रिस्टी आल्यावर याच संघाने सलग सात सामने जिंकून दाखवलेत.

---

कोथरूडचा_सीए | २९ जानेवारी, सकाळी ९:४५

बाई, वरळीचा प्रसंग वाचून खरंच भरून आलं. पण मी हिशेबाचा माणूस, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

फॉक्सचा करार २०२५-२६ पर्यंत आहे. यंदाचा पगार ३.४८ कोटी डॉलर. मुदतवाढ त्याने घेतली नाही. म्हणजे २०२६च्या उन्हाळ्यात तो मोकळा, आणि हात हलवत निघून गेला तर किंग्जच्या पदरात काही नाही. खेळाडूच्या करारात जितके महिने शिल्लक, तितकी त्याला किंमत जास्त. आज घेणाऱ्याला त्याच्याकडून दीड हंगाम मिळतो. जुलैमध्ये विकायला गेलात तर एकच हंगाम मिळेल आणि भाव उतरलेला असेल. भावना बाजूला ठेवल्या तर 'आत्ताच द्या' हेच उत्तर येतं.

---

शिट्टीवाली_बाई | २९ जानेवारी, दुपारी १:२०

भावना बाजूला ठेवून बास्केटबॉल बघायचं कशाला? सही करावीशी वाटेल असा संघ उभा करणं हे कुणाचं काम होतं? १५ नोव्हेंबरला त्याने मिनेसोटाविरुद्ध ६० गुण केले, किंग्जच्या इतिहासातले सर्वाधिक, आणि तरी आपण हरलो. दुसऱ्या रात्री लगेच युटाविरुद्ध ४९. २०२३च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, चेंडू टाकायच्या हाताचं बोट मोडलेलं असताना तो खेळला. प्लेऑफला न पोचण्याचा सोळा हंगामांचा दुष्काळ संपवणारा हा माणूस.

---

पहाटे_साडेपाच | २९ जानेवारी, दुपारी २:०५

मी सॅन अँटोनियो स्पर्सवाला, टिम डंकनच्या काळापासून. बाई, तुमच्या दुःखात मला आनंद नाही, पण फॉक्स आम्हाला हवाय, आणि त्यालाही सॅन अँटोनियोच हवंय अशा बातम्या आहेत.

आमच्या वेम्बन्यामाला बघताना मला दर सामन्यात एकच गोष्ट टोचते. तो रिंगच्या वर हात करून उभा असतो आणि चेंडू अर्धा सेकंद उशिरा येतो. ख्रिस पॉल अजूनही हुशारीने पास देतो, पण पायांत ती धाव आता नाही. फॉक्स बचाव फोडून आत घुसला की मधला बचावपटू पुढे येणारच, आणि तो पुढे आला की मागे वेम्बी मोकळा. हे कागदावरसुद्धा सुंदर दिसतं.

देण्यासारखं आमच्याकडे भरपूर आहे. वासेल, केल्डन जॉन्सन, अटलांटाची पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचा हक्क), आमची स्वतःची पिक. स्टेफन कॅसल मात्र द्यायचा नाही.

---

शिट्टीवाली_बाई | २९ जानेवारी, दुपारी २:३०

कॅसलशिवाय फोनसुद्धा उचलू नये, असं माझं स्पष्ट मत. जायचंच असेल तर ज्याला आमच्या मुली पुढची दहा वर्षं बघू शकतील असा कुणीतरी यायला हवा. पिक म्हणजे नुसती चिठ्ठी. २०१८ला आमच्या हातात दुसऱ्या क्रमांकाची चिठ्ठी होती आणि आम्ही लुका डॉन्चिचला सोडून मार्विन बॅगलीला घेतलं.

---

सॅन_होजेकर | ३० जानेवारी, सकाळी ८:५० (भारतीय वेळ)

धागा आवडला. इकडे वॉरियर्सचा विषय पेटलाय. १२-३ अशी सुरुवात केली आणि आता जिंकणं-हरणं सारखंच होऊन बसलंय. करी मार्चमध्ये ३७ वर्षांचा होईल. ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज दोन नावं, फिनिक्सचा ड्युरंट आणि मायामीचा जिमी बटलर.

बटलरची मायामीत काय अवस्था झालीय ते बघताय ना? जानेवारीत आधी सात सामन्यांची बंदी, मग संघाचं विमान चुकवलं म्हणून दोन सामन्यांची, आणि २७ तारखेला सराव सोडून निघून गेला म्हणून बेमुदत. असा माणूस मला आमच्या ड्रेसिंग रूममध्ये नको. शिवाय त्याचा पगार जुळवायला विगिन्स द्यावा लागेल आणि विगिन्सला मी देणार नाही. २०२२च्या फायनलमधला पाचवा सामना आठवा. करीचा एकही तीन गुणांचा फटका पडेना आणि विगिन्सने २६ गुण आणि १३ रिबाउंड काढले. ती ट्रॉफी जितकी करीची, तितकीच त्याची.

सीएसाहेब, फिनिक्स बटलरला घेणार अशी रोज हवा असते आणि काहीच घडत नाही, हे काय आहे?

---

कोथरूडचा_सीए | ३० जानेवारी, रात्री १०:१५

सविस्तर सांगतो, कारण यंदाचे निम्मे अंदाज इथेच अडतात.

२०२४-२५ साठी सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, १४.०६ कोटी डॉलर आहे. ही कॅप ओलांडता येते. जवळपास सगळेच ओलांडतात, फक्त मग बाहेरून खेळाडू आणायचा तर साधारण तितकाच पगार बाहेर पाठवावा लागतो. १७.०८ कोटींच्या पुढे लक्झरी टॅक्स, म्हणजे जादा पगारावरचा दंड. त्याच्याही वर दोन रेषा, ज्यांना एप्रन म्हणतात. पहिला १७.८१ कोटींवर, दुसरा १८.८९ कोटींवर. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०२३च्या करारात हा दुसरा एप्रन आला आणि श्रीमंत मालकांची मोकळीक संपली. आधी फक्त पैसे भरावे लागत. आता हातच बांधले जातात.

दुसऱ्या एप्रनच्या वर असाल तर दोन खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. पाठवलेल्या पगारापेक्षा जास्त पगार घेता येत नाही. सोबत रोख रक्कम देता येत नाही. फिनिक्स बरोबर तिथेच अडकलंय. बटलरचा पगार ४.८८ कोटी. तेवढ्या पगाराचा एकच माणूस द्यायचा, तर ड्युरंट, बुकर आणि ब्रॅडली बील एवढेच तिघे. पहिले दोघे सोडायचे नाहीत. उरला बील, ५.०२ कोटी. आणि बीलच्या करारात नो-ट्रेड कलम आहे, जे तो वॉशिंग्टनहून घेऊन आला. त्याच्या होकाराशिवाय पान हलत नाही. वर बीलला घ्यायला मायामी राजी नाही, म्हणजे तिसरा संघ शोधा, त्याला गोड लागावं म्हणून पिक द्या. त्यासाठीच फिनिक्सने २१ जानेवारीला युटाला २०३१चं पहिल्या फेरीचं पिक देऊन त्या बदल्यात तीन कमी मोलाची पिक घेतली. शंभराची नोट मोडून सुटे घेतात, तसं.

माझा अंदाज : बटलर फिनिक्सला जात नाही.

---

नागपुरी_संत्रा | ३१ जानेवारी, सकाळी ११:३०

राजेहो, लेकर्सचं कोणी बोलतच नाही! मी कोबी ब्रायंटच्या वेळेपासूनचा. आमचं म्हणणं साधं हाय. एक सेंटर, म्हंजे रिंगखाली खेळणारा उंच गडी, पाहिजे. अँथनी डेव्हिसनं सोता सांगितलं मुलाखतीत की बाप्पा, माह्यासोबत एक उंच माणूस द्या, मले चार नंबरच्या (पॉवर फॉरवर्ड) जागेवर खेळू द्या. आता मोठ्या माणसानं तोंड उघडून मागितलं तं द्यायला पाहिजे का नाही? माहा अंदाज, शार्लटचा मार्क विल्यम्स येते. डाल्टन नेक्ट जाईन. बाकी मोठं काही होत नाही.

---

प्लेनोताई | ३१ जानेवारी, रात्री ९:४० (भारतीय वेळ)

वाचतेय सगळं. आमच्या डॅलसमध्ये यंदा शांतता आहे. लुका ख्रिसमसच्या सामन्यात पोटरी दुखावून बसलाय, तो परत येईपर्यंत तग धरायचा एवढंच. गेल्या जूनमध्ये फायनल खेळलो आणि तो अजून पंचवीसच वर्षांचा आहे. फार तर एखादा राखीव खेळाडू इकडचा तिकडे होईल.

माझा मुलगा सहावीत आहे. सामन्याच्या आदल्या रात्री ७७ नंबरची जर्सी खुर्चीच्या पाठीवर पसरून ठेवतो, बाह्या सरळ करून. लुका खेळत नसला तरी.

बाई, तुमच्या डावखुऱ्या मुलीला शुभेच्छा. परीक्षा कधी आहे?

---

शिट्टीवाली_बाई | ३१ जानेवारी, रात्री १०:०५

२१ फेब्रुवारीपासून. तिने डेडलाइनची तारीख वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीय, तिच्या आईने ते पान मला दाखवलं.

---

सॅन_होजेकर | १ फेब्रुवारी, सकाळी ९:२० (भारतीय वेळ)

बाई, एक उदाहरण देतो, राग मानू नका. २०१८च्या जुलैत टोरांटोने डीमार डिरोझनला सॅन अँटोनियोला पाठवलं. नऊ हंगाम एका शहराला वाहिलेला माणूस. माझी चुलत बहीण तिकडे असते, तिने टीव्हीच लावायचं बंद केलं होतं. त्या बदल्यात आलेल्या कवाय लेनर्डने पुढच्याच वर्षी टोरांटोला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. आज तोच डिरोझन तुमच्या किंग्जमध्ये आहे.

---

शिट्टीवाली_बाई | १ फेब्रुवारी, सकाळी १०:००

राग नाही. पण टोरांटोने त्या वेळचा जगातल्या पहिल्या पाचांतला खेळाडू घेतला. आमच्याकडे नावं येतायत ती शिकागोच्या झॅक लव्हीनची. चांगला खेळाडू आहे, चेंडू सुंदर टाकतो. पण डिरोझन आणि तो शिकागोत एकत्र खेळून झालेत, काय हाती लागलं? आणि २०२२च्या फेब्रुवारीत आमच्या हॅलिबर्टनला पेसर्सकडे दिलं तेव्हाही मला वाईट वाटलं होतं, तरी त्या ट्रेडमागचा विचार मला कळला होता. सबोनिस आला, दुसऱ्याच वर्षी ४८ सामने जिंकलो, प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून जांभळा झोत आकाशात गेला. तो सबोनिससुद्धा पेसर्सकडून वरळीत खेळला होता. देऊन काय उभं करायचंय हे सांगता येत असेल, तर मी रडेन आणि मान्य करीन.

---

पहाटे_साडेपाच | २ फेब्रुवारी, सकाळी १०:४६

कुणी आहे का जागेवर? एनबीएच्या बातम्या देणाऱ्या शॅम्सचं अकाउंट हॅक झालंय बहुतेक. लुका लेकर्सला, अँथनी डेव्हिस डॅलसला असं लिहिलंय.

---

नागपुरी_संत्रा | २ फेब्रुवारी, सकाळी १०:४८

खोटं हाय.

---

कोथरूडचा_सीए | २ फेब्रुवारी, सकाळी १०:५३

खोटंच असणार. डेव्हिसने आठवड्याभरापूर्वी सेंटर मागितला आणि त्यालाच पाठवतील?

---

पहाटे_साडेपाच | २ फेब्रुवारी, सकाळी १०:५७

त्याने परत लिहिलंय. खरं आहे म्हणतोय.

---

नागपुरी_संत्रा | २ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

खरं हाय. खरं हाय राजेहो. माहे हात थरथरून रायले. लुका, मॅक्सी क्लेबर आणि मॉरिस आमच्याकडे. डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९चं एक पिक डॅलसले. हूड-शिफिनो युटाले. बायको म्हणते, काहून वरडता सकाळी सकाळी. तिले काय सांगू, अँथनी डेव्हिससाठी डोळ्यांत पाणी हाय आणि लुकासाठी हसू येऊन रायलं. २०२०ची ट्रॉफी त्यानं जिंकून देल्ली होती.

---

शिट्टीवाली_बाई | २ फेब्रुवारी, सकाळी ११:३५

प्लेनोताई, तुम्ही ठीक आहात ना?

---

प्लेनोताई | २ फेब्रुवारी, दुपारी १२:१५ (भारतीय वेळ)

इकडे रात्रीचे पाऊण वाजलेत. मुलगा झोपलाय. मी त्याच्या खोलीच्या दारात दोनदा जाऊन आले. उठवलं नाही. सकाळी काय आणि कसं सांगायचं याचाच विचार करतेय.

---

कोथरूडचा_सीए | २ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

दिवसभर मी मोबदला तपासतोय आणि मला पटत नाही. मी या धाग्यावर 'भावना बाजूला ठेवा' म्हणालो होतो, म्हणून नुसत्या हिशेबानेच बोलतो. २०२२मध्ये गोबेअरसाठी मिनेसोटाने पहिल्या फेरीची चार पिक मोजली. २०२३मध्ये ड्युरंटसाठी फिनिक्सने चार पिक आणि मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन दिले. गेल्या वर्षी त्याच ब्रिजेससाठी निक्सनी पाच पिक दिली. आणि पंचविशीतल्या डॉन्चिचसाठी एक पिक आणि ३१ वर्षांचा डेव्हिस? लिलाव झालाच नाही. तीस संघांपैकी एकालाच विचारलं. बाजारात न नेता शेजाऱ्याला जमीन विकली की भाव मिळत नाही, हे कुठल्याही गावात कळतं.

डॅलस मॅव्हरिक्सचा महाव्यवस्थापक निको हॅरिसन संघाचा बचाव भक्कम करायचं कारण देतोय. उन्हाळ्यात लुकाला पाच वर्षांसाठी ३४.५ कोटी डॉलरपर्यंतची मुदतवाढ देता आली असती, ती द्यायची त्यांची तयारी नसावी असा माझा तर्क. पण विकायचंच ठरवलं तर सगळ्यांना विचारून विकायचं असतं.

---

पहाटे_साडेपाच | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:३५

बाई, लोकलमध्ये आहे, नेटवर्क जातंय. फॉक्स आमच्याकडे आला. तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी सांगावंसं वाटलं.

---

कोथरूडचा_सीए | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

तीन संघांचा व्यवहार आहे. फॉक्स स्पर्सला. लव्हीन आणि सिदी सिसोको किंग्जला, सोबत पहिल्या फेरीची तीन पिक : २०२५चं शार्लटचं, २०२७चं स्पर्सचं, २०३१चं मिनेसोटाचं. दुसऱ्या फेरीची तीन वेगळी. शिकागोला ह्युर्टर, ट्रे जोन्स, झॅक कॉलिन्स आणि त्यांचं स्वतःचंच यंदाचं पिक परत.

कॅसल नाही. वासेलही नाही. शार्लटच्या पिकला इतकं संरक्षण आहे (वरच्या क्रमांकात आलं तर ते शार्लटकडेच राहतं) की ते यंदा मिळणं अवघड. मिनेसोटाचं २०३१चं खरं मोलाचं, पण त्याला सहा वर्षं आहेत. बाई, 'आत्ताच द्या' हे माझं मत होतं. एवढ्यात द्या असं नव्हतं. आज मी तुमच्या बाजूला आहे.

---

शिट्टीवाली_बाई | ३ फेब्रुवारी, रात्री ९:००

सकाळपासून शाळा होती म्हणून आता लिहितेय.

मधल्या सुट्टीत मुली कोर्टापाशी जमल्या होत्या. आमच्या कोर्टाच्या एका रिंगला जाळी नाही, त्यामुळे चेंडू आत गेला की नाही हे आवाजावरून कळत नाही, बघावं लागतं. ती एकटी त्याच रिंगवर डावीकडून टाकत होती. मी जवळ गेले. म्हणाली, "बाई, मला कळलंय." मग चेंडू माझ्याकडे दिला, पुन्हा धावली, मी पास दिला, तिने टाकला. असं वीसएक वेळा. बोललो काहीच नाही. घंटा झाली तेव्हा तिने विचारलं, त्याला स्वतःलाच जायचं होतं का? मी हो म्हणाले. खोटं कशाला सांगायचं? म्हणाली, मग ठीक आहे.

माझं मात्र ठीक नाही. आठ वर्षं एका माणसाने संघ ओढला आणि शेवटी त्याच्याभोवती काय उभं करायचं हे कुणालाच ठरवता आलं नाही. लव्हीनचा पगार ४.३० कोटी, पुढे आणखी दोन वर्षं. २०१८ला किंग्जने त्याला प्रस्ताव दिला होता आणि शिकागोने तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवून घेतलं होतं. म्हणजे तेव्हा हवा असलेला माणूस सात वर्षांनी, दुप्पट पगारावर आणला. याला मी योजना म्हणणार नाही.

साडेपाच, तुम्ही स्वतःहून सांगितलंत त्याबद्दल मनापासून आभार. त्याला नीट सांभाळा.

---

प्लेनोताई | ४ फेब्रुवारी, सकाळी ८:१० (भारतीय वेळ)

काल मुलाला घेऊन अमेरिकन एअरलाइन्स सेंटरला जाऊन आले. तिथे नोवित्स्कीचा पुतळा आहे, २१ हंगाम एकाच संघात खेळलेल्या माणसाचा. त्याच्या पायाशी लोकांनी फुलं, जर्सी ठेवल्या होत्या. शवपेटीसुद्धा आणली होती कुणीतरी. मोठमोठे बाप्ये रडत होते. मुलाने जर्सी सोबत घेतली होती, मला वाटलं ठेवून येईल. नाही ठेवली. परत घरी आणली आणि रात्री पुन्हा खुर्चीवर पसरली.

---

सॅन_होजेकर | ६ फेब्रुवारी, सकाळी १०:४० (भारतीय वेळ)

विगिन्स गेला. बटलर आमचा. विगिन्स, काइल अँडरसन आणि यंदाचं पहिल्या फेरीचं संरक्षित पिक मायामीला. श्रोडर आणि लिंडी वॉटर्ससुद्धा गेले. बटलरने २०२६-२७ पर्यंतची मुदतवाढ घेतली म्हणे. सीएसाहेब, फिनिक्सबद्दलचा तुमचा अंदाज खरा ठरला.

मी गेल्या आठवड्यात बटलर नको म्हणालो होतो. अजूनही मायामीत तो जसा वागला ते मला पटत नाही. पण करीकडे दोन, फार तर तीन वर्षं आहेत, आणि ती वाया जाताना बघवत नाही, हेही खरं. २०२२च्या जूनमध्ये मार्केट स्ट्रीटवर मिरवणूक होती, तेव्हा मुलीला खांद्यावर घेतलं होतं. विगिन्सची बस पुढून गेली आणि ती त्याच्या नावाने ओरडली होती. आता ती नऊ वर्षांची आहे. आज ती म्हणाली, मायामीची मॅच लावशील का?

---

शिट्टीवाली_बाई | ६ फेब्रुवारी, दुपारी ३:१५

लावा. जरूर लावा.

---

पहाटे_साडेपाच | ७ फेब्रुवारी, रात्री १:३३

दीड वाजला. खिडकी बंद. ड्युरंट जागेवरच राहिला. ब्रँडन इन्ग्रम टोरांटोला, मिडलटन वॉशिंग्टनला आणि कुझ्मा मिलवॉकीला, हंटर क्लीव्हलंडला. बाई, किंग्जने वॉशिंग्टनकडून व्हॅलन्चुनस घेतलाय. सबोनिसच्या जोडीला आणखी एक लिथुआनियाचा.

फॉक्सने आमच्याकडून अटलांटात पहिला सामना खेळला. २४ गुण, १३ असिस्ट, आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. शेवटच्या मिनिटांत चेंडू त्याच्याच हातात होता. वेम्बीला पास वेळेवर मिळत होता.

---

नागपुरी_संत्रा | ९ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

माहा मार्क विल्यम्सचा अंदाज खरा झाला होता, तीन दिवस खुशीत होतो. नेक्ट, रेडिश आणि २०३१चं पिक देऊन आणला होता. आता म्हणतात वैद्यकीय तपासणीत बसला नाही, ट्रेड रद्द. नेक्ट वापस आला. त्या पोराले काय वाटत असन? सामान बांधून गेला, सामान घेऊन आला. मी तं म्हणतो, त्याच्या पहिल्या सामन्यात सगळ्या लेकर्सवाल्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या पाहिजे.

---

कोथरूडचा_सीए | ९ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

शंभर टक्के अनुमोदन.

---

शिट्टीवाली_बाई | ९ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२५

साडेपाच, एक काम आहे. स्पर्स मार्चमध्ये सॅक्रामेंटोला येणार आहेत ना, तो सामना आपल्याकडे सकाळी किती वाजता, तेवढं बघून सांगा. त्या दिवशी तिचा पेपर नसेल तर आम्ही दोघी शाळेत टीव्हीवर बघणार आहोत. तिची आई हो म्हणालीय.

---

पहाटे_साडेपाच | ९ फेब्रुवारी, सायंकाळी ६:५०

वेळापत्रकात बघितलं. तिकडे ७ मार्च, म्हणजे आपल्याकडे ८ मार्चची सकाळ. नक्की वेळ बघून आदल्या रात्री इथे टाकतो. शनिवार आहे, मीही घरी आहे.